सपोर्टचा प्रोजेक्ट मिळाला म्हणून

चि. मनू,


ट्रेनिंग संपलं, प्रोजेक्ट मिळाला, पण तो सपोर्टचा, म्हणून तू फार खट्टू झाली आहेस असं ताई फोनवर सांगत होती. बरोबरच्या मुलांना डेव्हलपमेंट आणि आपल्या वाट्याला तक्रारींची तिकिटं, हे लागणारच. पण हिंजवडीत काय नि खराडीत काय, सिस्टीम बंद पडली की सगळे ज्यांच्याकडे धावतात, त्यांतले पुष्कळ जण सपोर्टमधूनच वर आलेले मी पाहिले आहेत. चालती सिस्टीम नेमकी कुठे आणि कशी मोडते, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

१९ जुलै २०२४ आठव. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनं ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं, पण अडकलेली मशीन सुरूच होईनात. मग कितीतरी ठिकाणी एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढावी लागली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर त्याआधी रिकव्हरी की शोधावी लागली. हे सगळं निस्तरलं ते सपोर्टच्या माणसांनी. या कामाला कुणी हलकं म्हटलं तर मला खरंच राग येतो.

आता रोजच्या कामाचं. तिकीट आलं की सर्व्हिस रीस्टार्ट करून ते बंद करायची सवय लावून घेऊ नकोस. रीस्टार्टनं तक्रार थांबते, कारण तिथंच राहतं, शिवाय मेमरीतला पुरावा पुसला जातो. आधी लॉग उघड. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ग्राहक सकाळी ११ वाजता अडलं म्हणत असेल, तर लॉगमध्ये ५:३० च्या ओळी पाहा. नवी मुलं इथंच भलत्या ओळी वाचत बसतात. मग स्वतःला विचार: काल चालत होतं, आज नाही, तर मधे काय बदललं? नवं रिलीज, मुदत संपलेलं सर्टिफिकेट, भरलेली डिस्क, बदललेला पासवर्ड. पुष्कळदा उत्तर यांतच सापडतं.

प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर अपडेट चालवायचं असेल, तर आधी व्हेअरची तीच अट लावून सिलेक्ट चालव आणि किती ओळी येतात ते मोज. ट्रान्झॅक्शन सुरू करूनच अपडेट कर. तेवढ्याच ओळी बदलल्या तर कमिट, नाहीतर रोलबॅक. रात्रीचे ३ वाजले असोत, मॅनेजर कॉलवर ताटकळत असो, यात सूट नाही. आणि लॉग एआयला दाखवून अर्थ विचारायचा मोह होईल. कंपनीची परवानगी आहे का ते आधी बघ, ग्राहकांचा डेटा तर कधीच चिकटवू नकोस.

डेव्हलपमेंटकडे जायचंच आहे ना? मग रिपॉझिटरी वाचण्यापुरती परवानगी आत्ताच मागून घे. एकच तिकीट पुन्हा पुन्हा येत असेल, तर कोडमध्ये त्याचं मूळ शोध, गिटवर ब्रँच काढून दुरुस्ती करून बघ आणि टीममधल्या डेव्हलपरला दाखव. वर्ष-दीड वर्षानं बदली मागताना अशा दोन-तीन दुरुस्त्या हाताशी असल्या, तर तुला नाही म्हणणं त्यांनाच जड जाईल. नुसत्या कोर्सच्या सर्टिफिकेटांवर हे होत नाही.

पैसे देऊन अनुभवाचं पत्र मिळतं, असं सांगणारे भेटतील. त्या वाटेला अजिबात जाऊ नकोस. बॅकग्राउंड चेकमध्ये पीएफच्या नोंदी पाहतात आणि एका यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, आधीच्या नोकऱ्या दिसतात. खोटं उघड पडलं की नोकरी जाते, आणि खरी मेहनतही कुणी जमेस धरत नाही.

पहिला आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल, तुझ्याकडे आला की कंटाळून जुना कॉपी करू नकोस. काय झालं, केव्हा कळलं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, एवढं साध्या इंग्रजीत लिही. लिहिण्याचा सराव हवा असेल, तर ट्रेनिंगमधल्या एखाद्या बिघाडावर एक पान लिहून रविवारी घेऊन ये. मी घरीच आहे.

तुझा,
मामा