“टीचर’स डे” की “टीचर्स’ डे”? एका अपॉस्ट्रॉफीने माझे ४८ मग अडकवले

आजचा विषय इंग्रजीचा आहे. घाबरू नका, शाळेतल्या इंग्रजीचा नाही. आपण बोर्डवर, बॅनरवर, कोटेशनमध्ये आणि व्हॉट्सॲपवर जी इंग्रजी लिहितो, तिच्यातला एक छोटासा मुद्दा आहे. छोटा म्हणजे खरंच छोटा, वरचा स्वल्पविराम. त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात.

तुम्हाला माहीतच आहे, माझं गिफ्ट आर्टिकलचं दुकान आहे आणि मगवर प्रिंटिंग आम्ही स्वतः करतो. दुकान नवीन होतं तेव्हा एका शाळेची ऑर्डर आली. ५ सप्टेंबरसाठी ४८ मग. मॅडमनी मजकूर मेसेजवर पाठवला, “हॅपी टीचर्स’ डे”. अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर होता. मला वाटलं, टाइप करताना मॅडमचं बोट घसरलं असणार. मी शहाणपणा केला, तो उचलून एसच्या आधी ठेवला आणि सगळे मग छापले. मॅडम इंग्रजीच शिकवायच्या. पहिला मग हातात घेतला आणि म्हणाल्या, “अहो, हे एकाच शिक्षकाला द्यायचेत का?”

मगवरची प्रिंट पुसता येत नाही. मग, प्रिंट, बॉक्स धरून एकाला ११० रुपये खर्च आला होता, म्हणजे ५,२८० रुपये बसले. वर रात्रभर जागून पुन्हा ४८ मग छापले ते वेगळंच. सांगायचा मुद्दा, फोनने किंवा कॉम्प्युटरने ही चूक दाखवली नाही. कशी दाखवणार? “टीचर’स” आणि “टीचर्स’” हे दोन्ही शब्द बरोबरच आहेत. त्यांचा अर्थ फक्त वेगळा आहे.

आता नियम. तो तुम्हाला आधीच येतो, मराठीतून येतो. “मुलाचे कपडे” म्हटलं की एक मुलगा. “मुलांचे कपडे” म्हटलं की अनेक मुलं. काय बदललं? “ला” वर एक टिंब आलं, बस्स. गिऱ्हाइकाचा फायदा, गिऱ्हाइकांचा फायदा. शिक्षकाचा दिवस, शिक्षकांचा दिवस. हे टिंब आपण रोज बोलतो आणि चुकत नाही. इंग्रजीत त्या टिंबाचं काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. एसच्या आधी असेल तर एकाचं, एसच्या नंतर असेल तर अनेकांचं.

“कस्टमर’स फीडबॅक” म्हणजे एका गिऱ्हाइकाचं मत.
“कस्टमर्स’ फीडबॅक” म्हणजे गिऱ्हाइकांचं मत.

मग गडबड का होते? कारण मराठीतलं टिंब कानाला ऐकू येतं, इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी ऐकू येत नाही. दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. उच्चार एकच. फोनवर “माय ब्रदर’स शॉप” म्हणा नाहीतर “माय ब्रदर्स’ शॉप” म्हणा, समोरच्याला एक भाऊ आहे की तीन, ते कळणारच नाही. ते फक्त लिहिल्यावर कळतं. म्हणून ज्यांची इंग्रजी बोलायला फर्डी आहे, तेही लिहिताना इथे अडकतात.

लिहिताना मी आता एकच क्रम पाळते. आधी अनेकवचन पूर्ण लिहून टाकायचं, अपॉस्ट्रॉफीचा विचारसुद्धा करायचा नाही. मग शेवटचं अक्षर बघायचं. शेवटी एस आहे? तर फक्त अपॉस्ट्रॉफी लावायचा, दुसरा एस नको. सप्लायर, सप्लायर्स, “सप्लायर्स’ मीटिंग”. लेडीचं अनेकवचन करताना वाय जाऊन आय-ई-एस येतं, म्हणून आधी “लेडीज” आणि मग “लेडीज’ सेक्शन”.

आणि शेवटी एस नसेल तर? मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल हे शब्द आधीच अनेकवचनी आहेत आणि त्यांच्या शेवटी एस नाही. त्यांना अपॉस्ट्रॉफी आणि मग एस. “मेन’स शर्ट्स”, “विमेन’स फुटवेअर”, “चिल्ड्रन’स बुक्स”. इथे लोक हमखास एसच्या नंतर अपॉस्ट्रॉफी लावतात, कारण “अनेकांचं असेल तर नंतर” एवढंच पाठ केलेलं असतं. पण “चिल्ड्रन्स” असा शब्दच नाही, मग त्याच्यानंतर लावणार कसा? म्हणून म्हणते, आधी अनेकवचन लिहा.

आपल्या धंद्यात याची सगळ्यात जास्त गरज बॅनर आणि स्टेटसला लागते, म्हणून वर्षाचे दिवस एकदा डोक्यात बसवा. ८ मार्चला “विमेन’स डे”, १४ नोव्हेंबरला “चिल्ड्रन’स डे”, दोन्हीकडे अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी. ५ सप्टेंबरला “टीचर्स’ डे”, एसच्या नंतर. मे महिन्यातला “मदर’स डे” मात्र गंमतीचा आहे. आया इतक्या, तरी तो एकवचनी लिहितात. हा दिवस अमेरिकेत ॲना जार्विस या बाईंनी सुरू केला आणि १९१४ मध्ये तिथे तो सरकारमान्य झाला. त्यांचा आग्रहच होता की प्रत्येकाने आपापल्या आईचा दिवस पाळावा, म्हणून एका आईचा. “फादर’स डे”सुद्धा तसाच लिहितात.

दुसरी जागा म्हणजे कोटेशन आणि मेल. दिवस, महिने, वर्षं यांनाही हाच नियम लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मराठीत आपण “दोन दिवसांची नोटीस” म्हणतो ना, टिंबासकट? तसंच “टू डेज’ नोटिस”. एक दिवस असेल तर “वन डे’स नोटिस”. “थर्टी डेज’ क्रेडिट”, “टेन इयर्स’ एक्सपीरियन्स”. खात्री वाटत नसेल तर “टेन इयर्स ऑफ एक्सपीरियन्स” लिहा. मधे “ऑफ” आला की अपॉस्ट्रॉफीची कटकट नाही. मी घाईत असते तेव्हा हेच करते आणि त्यात काही कमीपणा नाही.

भागीदारीत धंदा करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. “पार्टनर’स अप्रूव्हल रिक्वायर्ड” म्हणजे एका पार्टनरची मंजुरी लागेल. “पार्टनर्स’ अप्रूव्हल रिक्वायर्ड” म्हणजे पार्टनर्सची, एकापेक्षा जास्त जणांची. मैत्री चांगली असते तोवर कुणी बघत नाही. पैसे अडकले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. अशा ठिकाणी मी अपॉस्ट्रॉफीवर भरवसा ठेवतच नाही, सरळ “ऑल पार्टनर्स” किंवा “एनी वन पार्टनर” असं लिहून घेते.

आता उलटी चूक, म्हणजे नको तिथे लावणं. “कोल्ड ड्रिंक’स”, “मोबाइल’स”, “फ्रेश ज्यूस’स”. हे नुसतं अनेकवचन आहे, कुणाचं काही नाही. मराठीत चा-ची-चे लावून बघा. “ड्रिंकचे मिळतील” असं म्हणतो का आपण? नाही. मग अपॉस्ट्रॉफीही नाही. ही चूक फक्त आपल्याकडे होते असं समजू नका. इंग्लंडमध्ये भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ती इतकी दिसायची की तिला “भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी” असंच नाव पडलं.

आणि दुकानाचं नाव? तिथे मालकाची मर्जी. इंग्लंडमधल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी तर २०१२ मध्ये आपल्या नावातला अपॉस्ट्रॉफी काढूनच टाकला. वेबसाइटच्या पत्त्यात तो तसाही चालत नाही. “लेडीज टेलर”, “किड्स वेअर” अशा पाट्या बिनअपॉस्ट्रॉफीच्या सर्रास चालतात, त्यासाठी चांगला बोर्ड उतरवू नका. फक्त “मेन्स” आणि “विमेन्स” असेल तर पुढच्या वेळी रंगवताना अपॉस्ट्रॉफी घालून घ्या. आणि जे नाव ठरवाल ते बोर्ड, बिल आणि पिशवीवर एकसारखं ठेवा.

चला, वही काढा. तीन वाक्यं इंग्रजीत लिहा: “आमच्या कामगारांचे पगार”, “तीन महिन्यांचं भाडं”, “महिलांचा बचत गट”. लिहून झालं की मगच खाली बघा.

“अवर वर्कर्स’ सॅलरीज”. “थ्री मंथ्स’ रेंट”. “विमेन’स सेव्हिंग्ज ग्रुप”. दुसऱ्या वाक्यात चुकलात तर वरचा कोटेशनचा भाग परत वाचा, तिथेच सगळे चुकतात. ते ४८ मग अजून माझ्याकडे आहेत. एकात काउंटरवरची पेनं ठेवते, बाकीचे माळ्यावर आहेत.