अवघड जागेचे दुखणे : वृषणाच्या कर्करोगात डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण हसण्यावारी नेली जाते. परंतु वृषणाच्या कर्करोगात तिच्यातील संकोच रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. हा रोग भारतात विरळ आहे. वर्षाकाठी लाख पुरुषांमागे त्याचे प्रमाण एकाहूनही कमी भरते. मात्र ज्यांना तो होतो ते बहुधा १५ ते ४० या वयातील असतात, आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकणच्या कारखान्यांत यंत्रांवर उभा असलेला कामगारवर्ग नेमका याच वयाचा आहे.

महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी येथील भाड्याच्या खोल्यांत चार-पाच जण मिळून राहतात. अशा ठिकाणी आडोसा नसतो आणि रजा घ्यावी तर रोज बुडतो. गाठ बहुधा दुखत नाही, त्यामुळे ‘मार लागला असेल’ म्हणून महिने जातात. पूर्व विदर्भातून आलेल्या तरुणाने हत्तीरोगामुळे झालेली अंडवृद्धी गावी पाहिलेली असते. तो हेही तसेच समजतो. सोनोग्राफी झाल्यावाचून हा भेद खात्रीने कळत नाही.

तपासणी होऊन ‘कर्करोग’ हा शब्द कानी पडला की पुढचे बोलणे रुग्णाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहावेत आणि पत्नी, भाऊ किंवा विश्वासातील सहकारी यांपैकी एकास सोबत न्यावे. काही प्रश्न अमुक वेळेपूर्वीच विचारावे लागतात. नंतर त्यांचा उपयोग नसतो.

शस्त्रक्रियेपूर्वीचा पहिला प्रश्न असा : रक्तातील एएफपी, बीटा-एचसीजी व एलडीएच यांची तपासणी झाली काय? गाठीतून रक्तात उतरणारी ही द्रव्ये शस्त्रक्रियेनंतर ठरावीक गतीने कमी व्हावयास हवीत. आधीचा आकडाच नोंदलेला नसेल तर उतार मोजणार कशावरून? दुसरा प्रश्न शस्त्रक्रियेच्या मार्गाचा. रोगग्रस्त वृषण जांघेतून छेद घेऊन काढतात. वृषणकोशातून सुई घालून तुकडा तपासण्याची पद्धत या रोगात टाळली जाते, कारण त्यामुळे रोग पसरण्याची वाट मोकळी होऊ शकते. कोणी तसे सुचविल्यास कारण विचारण्यात उद्धटपणा नाही.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत : पुढे मूल होईल काय? एक वृषण काढले तरी दुसरे निरोगी असल्यास पौरुष, वैवाहिक जीवन व संतती यांस सहसा बाध येत नाही. परंतु रासायनिक उपचारांनी वीर्यातील शुक्राणू काही काळ, क्वचित कायमचे, घटू शकतात. त्यासाठी उपचार सुरू होण्यापूर्वी, शक्य तर शस्त्रक्रियेपूर्वीच, नोंदणीकृत बँकेत वीर्य गोठवून ठेवता येते. अविवाहित मुलाचा बाप शेजारी बसला असता हा विषय निघणे कठीण. म्हणून डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलण्याची विनंती करावी.

शस्त्रक्रियेनंतर गाठीचा अहवाल येतो. तिचा प्रकार सेमिनोमा की अन्य, आणि छाती व पोटाच्या सीटी स्कॅननुसार रोग कोणत्या टप्प्यात आहे, हे दोन्ही लिहून घ्यावे. पुढचे सारे त्यावर अवलंबून असते. रोग वृषणापुरताच असेल तर काही रुग्णांना औषध न देता केवळ नियमित तपासणीवर ठेवतात. ‘डॉक्टर काहीच करीत नाहीत’ असा समज घरात होतो, तो चुकीचा आहे. अशा टप्प्यावर शंभरातील सुमारे ९९ रुग्ण बरे होतात.

रोग पसरलेला असला तरी आशा सोडण्याचे कारण नाही. पूर्वी पसरलेला रोग बहुधा प्राणघातक ठरे. १९७४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांबरोबर दिले आणि चित्र पालटले. त्या दोहोंपैकी ब्लिओमायसिन हे सूक्ष्मजीवापासून मिळते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन होऊन तेथे बुरशीपासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्या वसाहतीला सूक्ष्मजीवापासून औषध होणे नवलाचे वाटू नये. क्रिकेटपटू युवराज सिंग यांचा अर्बुद छातीत होता, वृषणात नव्हे. पण तो याच जातीचा होता. २०१२ च्या आरंभी उपचार घेऊन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते भारतीय संघात परतले.

आता कामाचा प्रश्न. डॉक्टरांना केवळ ‘कंपनीत आहे’ असे सांगून भागत नाही. कोणत्या खात्यात, हे सांगावे. सिसप्लॅटिनने कानांत आवाज येणे, ऐकू कमी येणे, बोटे बधिर होणे असे त्रास होऊ शकतात. प्रेस शॉपच्या गोंगाटात किंवा बारीक जोडणीच्या कामात हे महत्त्वाचे ठरते. ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते. म्हणून वेल्डिंगच्या धुरात व रंगखात्यात केव्हा परतावे, हे विचारावे. विडी-सिगारेट सोडावी, आणि पुढे कधीही भूल द्यावी लागल्यास हे औषध घेतल्याचे सांगावे. उपचारांच्या काळात ताप आल्यास रात्रीही कोठे जावयाचे, तो पत्ता आधीच घ्यावा.

खर्चाविषयी बोलण्यास लाजू नये. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे उपचार करीत आहे. तथापि प्रत्येक फेरीसाठी मुंबई गाठणे आवश्यक आहे की पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससूनमध्ये काही भाग होऊ शकेल, हे विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले. त्यासाठी रुग्णालय योजनेतील असावे लागते व मंजुरी आधी घ्यावी लागते. शिधापत्रिका अनेकदा गावीच राहिलेली असते. ती लगेच मागवावी.

राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये मासिक २१,००० रुपये झाली. ठेकेदाराकडील कामगारही तीत येतात. दोन वर्षे सलग विमापात्र नोकरी झालेली असल्यास आणि अंशदानाच्या अटी पूर्ण होत असल्यास कर्करोगासाठी वाढीव आजारपण लाभ मिळतो. ठेकेदार बदलताच नवा विमा क्रमांक काढला गेला, तर ही सलगता सिद्ध करणे अवघड जाते. क्रमांक तोच राहिला आहे काय, हे ग्रामपंचायत सदस्यास किंवा कामगार प्रतिनिधीस सहज तपासता येईल.

भाऊ असल्यास त्यालाही धोका काहीसा अधिक असतो, म्हणून त्याच्या तपासणीविषयी विचारावे. लहानपणी वृषण खाली न उतरलेल्यांतही हा रोग अधिक आढळतो. अंगणवाडीच्या आरोग्य तपासणीत तसे बालक दिसल्यास त्यास पहिल्या दीड वर्षाच्या आतच शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

निरोप घेण्यापूर्वी पुढील तपासण्यांच्या तारखा लेखी मागाव्यात. रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, आणि नेमक्या याच काळात ठेक्यावरचा तरुण खोली बदलतो, कंपनी बदलतो किंवा गावी परततो. म्हणून अहवालांची एक प्रत त्याच्याजवळ व दुसरी गावच्या घरी असावी, आणि गावाजवळच्या कोणत्या रुग्णालयात रक्त तपासून घेता येईल, हेही त्याच भेटीत विचारून ठेवावे.