पॉटरीत करिअर: चाळिसाव्या कपाची परीक्षा

‘बारावीनंतर पॉटरी शिकायचीय’ असं मुलीने म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आणि पोटापाण्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. मात्र ‘छंद म्हणून कर’ एवढ्यावर विषय संपवू नये. कप, बाऊल, ताटल्या, बरण्या अशी रोजच्या वापरातली भांडी हाताने घडवणं हा रीतसर शिकून, हिशोबाने करण्याचा व्यवसाय आहे.

काम नेमकं काय?

माती कणकेसारखी मळून तिच्यातली हवा काढायची आणि फिरत्या चाकावर तिचा गोळा बरोबर मधोमध बसवायचा. याला सेंटरिंग म्हणतात. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त घाम इथेच निघतो. मग भांड्याची भिंत वर ओढायची, ते अर्धवट सुकलं की बूड तासायचं, कपाला कान जोडायचा. कप ओला आणि कान सुकलेला असेल, तर जोडावर तडा जातो. भांडं पूर्ण वाळल्यावर साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी होते. ग्लेझ चढवून दुसरी. स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांना, १२०० अंशांच्या वर जावं लागतं.

वाळताना आणि भाजताना माती आकसते. ती १० टक्के आकसणारी असेल आणि कप ९ सेंटिमीटर उंच हवा असेल, तर चाकावर तो १० सेंटिमीटरचा ओढावा लागतो. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. तिच्यात शिसं नको, ती अन्नातल्या आंबटाला टिकली पाहिजे. हे सगळं रसायनशास्त्रच; त्यामुळे विज्ञान शाखेची दोन वर्षं इथे वाया जात नाहीत.

मन रमतं, पण...

चाकावर लक्ष जरा हललं की माती डगमगते. म्हणून हात कामात असेपर्यंत मन इकडेतिकडे फिरकत नाही, आणि अनेकांना या कामाची ओढ त्यासाठीच लागते. पण रविवारच्या कार्यशाळेतला एक कप वेगळा आणि हॉटेलच्या ऑर्डरचे चाळीस सारखे कप वेगळे. चाळिसाव्या कपातही रस टिकतो का, यावर करिअर ठरतं.

शिकायचं कुठे?

पदवी हवी असेल तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, सिरॅमिक आणि ग्लास डिझाइन हा विषय आहे; प्रवेश परीक्षेतून मिळतो. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही सिरॅमिकची जुनी परंपरा आहे. बेळगावजवळ खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. हिमाचलमधलं अंद्रेट्टा गाव पॉटरीच्या निवासी प्रशिक्षणासाठी ओळखलं जातं. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून, १९७१पासून, देशातले अनेक स्टुडिओ पॉटर घडले. पदवीइतकंच महत्त्व एखाद्या जाणत्या कुंभाराच्या हाताखाली काढलेल्या उमेदवारीला आहे. अशा जाणत्या कुंभारांपैकी एक म्हणजे भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित; ते बिहारच्या कुंभार घराण्यातले. त्यांना २०१३मध्ये पद्मश्री मिळाली.

पैशांचं गणित

नुसत्या भांडीविक्रीवर सुरुवातीला घर चालणं अवघड. बहुतेक जण विक्री, हॉटेलांच्या ऑर्डरी आणि शिकवण्या यांची सांगड घालतात. पदवीधरांना टाइल्स, क्रोकरी, सॅनिटरीवेअरच्या कारखान्यांत डिझाइनची कामंही मिळू शकतात. सगळ्यात मोठा खर्च भट्टीचा. म्हणून आधी दुसऱ्याच्या भट्टीत पैसे भरून माल भाजून घ्यावा. किंमत ठरवताना माती आणि मेहनतीबरोबर वीज किंवा गॅस, पॅकिंग आणि भट्टीत फुटलेला मालही धरावा. पैशांबरोबर तब्येतीचाही हिशोब ठेवावा: स्टुडिओत सुक्या मातीची धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत गेली तर सिलिकोसिस होऊ शकतो.

पालकांनी काय करावं?

फी भरण्याआधी मुलाला जवळच्या स्टुडिओत काही महिने नियमित जाऊ द्या. मग सांगा, ‘एकाच मापाचे सहा कप करून आण.’ ते घरात रोज वापरा. कानाला धरल्यावर बोटं पोळतात का, बुडाने टेबलावर ओरखडे उठतात का, हे त्याला स्पष्ट सांगा. चुका ऐकून तो पुढचे सहा करायला बसला, तर प्रवेश परीक्षेचा अर्ज आणा. कंटाळला, तर पॉटरी त्याचा छंद म्हणून राहू द्या. फीचे पैसे तर वाचलेच.