गोदामातील ये-जा आणि शेतमालाची सुरक्षितता



गेल्या काही वर्षांत गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्यांची व सहकारी संस्थांची गोदामे उभी राहिली आहेत. गोदाम बांधताना जोत्याची उंची, हवा, उंदीर यांकडे आपण बारकाईने लक्ष देतो. परंतु तयार गोदामात कोण येतो, कोण जातो आणि किल्ली कोणाजवळ असते, या गोष्टी मात्र 'आपलीच तर माणसे आहेत' म्हणून सोडून दिल्या जातात. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून सुरू झाली. सोयाबीन, तूर यांसारख्या मालावर त्यात किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. गोदामाच्या पावतीवर बँकाही कर्ज देतात. आतला माल कमी भरला, तर हातातील पावती पोकळ ठरते आणि कर्ज मात्र उभेच राहते.

घट की चोरी?

गोदामातील चोरी बहुधा कुलूप तोडून होत नाही. ती 'घट' या नावाखाली होते. म्हणून घटीचा हिशेब प्रत्येक सभासदाला करता आला पाहिजे. समजा, १२ टक्के ओलाव्याचे १,००० क्विंटल सोयाबीन ठेवले व काढताना ओलावा १० टक्के भरला. सुरुवातीला कोरडा भाग ८८० क्विंटल होता आणि तो बदलत नाही. ८८० ला ०.९० ने भागले असता सुमारे ९७८ क्विंटल येतात. म्हणजे वाळण्यामुळे झालेली घट २२ क्विंटल. प्रत्यक्षात ४० क्विंटल कमी भरले, तर उरलेल्या १८ क्विंटलचे, म्हणजे ५० किलोच्या ३६ पोत्यांचे कारण गोदामपालाला विचारलेच पाहिजे. किडीने व सांडलवंडीने थोडे जाते हे खरे. पण कीड लागली असेल तर ती दाण्यावर दिसते. हा हिशेब मांडण्यासाठी माल घेताना व देताना, दोन्ही वेळा ओलावा मोजून पावतीवर लिहावा. पुष्कळ ठिकाणी तो फक्त घेताना मोजतात, आणि तेथेच वाद सुरू होतो.

फाटक व किल्ल्या

आवारास वाहनांसाठी एकच फाटक ठेवावे. मागच्या बाजूला 'सोयीसाठी' ठेवलेली कुंपणातील वाट बुजवावी. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह व चालकांना बसण्याची सावली फाटकाजवळच करावी. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण पाण्याच्या शोधात फिरणारा चालक थेट थप्प्यांपर्यंत पोहोचतो, आणि त्याला हटकणे कोणालाच बरे वाटत नाही. पाणी बाहेर असेल तर हटकण्याची वेळच येत नाही.

गोदामाच्या दाराला दोन कुलपे लावावीत. एका कुलपाची किल्ली गोदामपालाकडे व दुसऱ्याची एका संचालकाकडे असावी. जादा किल्ल्या पाकिटात घालून, पाकिटावर सह्या करून तिजोरीत ठेवाव्यात. किल्ली कोणी, किती वाजता नेली व परत केली याची वही असावी. नोकर सोडून गेला की त्याच दिवशी कुलूप बदलावे. एका गोदामास आम्ही भेट दिली तेव्हा एका कुलपाच्या पाच किल्ल्या निघाल्या, आणि त्यांतील एक कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना. कुलूप मात्र चांगले भारी होते!

बोटाच्या ठशावर उघडणारी यंत्रे आता मिळतात. परंतु हमालांच्या व शेतमजुरांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे यंत्र ठसा ओळखत नाही व शेवटी दार दिवसभर उघडेच ठेवले जाते. अशा ठिकाणी फोटोचे ओळखपत्र व हजेरीपट बरा. कॅमेरे जरूर बसवावेत, पण त्यांस इन्व्हर्टर जोडावा आणि त्यांतील तारीख-वेळ दर आठवड्यास तपासावी.

मालमोटार आली, पण कोणाची?

व्यापाऱ्याच्या नावाने मालमोटार येते, माल भरते आणि पुन्हा दिसत नाही, असे प्रकार घडतात. म्हणून खरेदीदाराने मोटारीचा क्रमांक, चालकाचे नाव व परवान्याची प्रत आदल्या दिवशीच कळवावी असा नियम करावा. मोटार फाटकावर आली की खरेदीदारास फोन करून खात्री करावी. हा फोन आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर करावा. चालकाने दिलेल्या क्रमांकावर केलेला फोन त्याच्या जोडीदारालाच लागण्याची शक्यता असते. क्रमांकाची पाटी व नोंदणी पुस्तक जुळते का ते पाहावे.

वजनकाट्यावर माणसांची मोजदाद करावी. माल बाहेर पाठविताना रिकाम्या मोटारीत चालक, क्लीनर व पाण्याचे पिंप ठेवून वजन केले आणि भरल्यावर ती उतरविली, तर निव्वळ वजन तेवढे कमी दिसते व नुकसान आपले होते. दोन्ही वजनांच्या वेळी सर्वांनी खाली उतरावे. बाहेर जाण्याचा पास तीन प्रतींत करावा व फाटकावरील रखवालदाराने पोती मोजल्याशिवाय मोटार सोडू नये.

द्राक्षे, डाळिंबे किंवा कांदा कंटेनरमधून बंदरावर पाठविताना बोल्ट सील आपल्या माणसासमोर लावावे. सीलवरील क्रमांक कागदपत्रांवरील क्रमांकाशी ताडून पाहावा, सील ओढून व पिळून बघावे आणि दारासह त्याचा फोटो घ्यावा. न वापरलेली सीले कुलपात असावीत. ती टेबलावर पडलेली असतील तर त्यांचा उपयोग नाही.

धुरी दिलेले गोदाम

येथे प्रश्न मालाचा नसून जिवाचा आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडपासून निघणाऱ्या फॉस्फीन वायूवर उतारा नाही. धुरी अधिकृत, प्रशिक्षित माणसाकडूनच द्यावी. त्या काळात सर्व किल्ल्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे असाव्यात, दारावर मराठी व हिंदीत धोक्याची पाटी चित्रासह लावावी आणि रखवालदाराने दारालगत झोपू नये. मुदत संपल्यावर दारे उघडून वारा खेळू द्यावा व वायू उरला नाही हे उपकरणाने तपासल्याखेरीज हमालांना आत सोडू नये.

पॅकहाऊसमध्ये हंगामात रात्रपाळी चालते व आत बहुतेक महिला असतात. चोरीच्या भीतीने दार बाहेरून कुलूपबंद करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद करावी. आग लागली किंवा शीतगृहातून अमोनिया सुटला, तर किल्ली शोधण्यास वेळ मिळत नाही. मागचे दार बाहेरून उघडणार नाही, पण आतून नुसते ढकलताच उघडेल, असा अडसर लोहाराकडून किंवा बाजारातून आणून बसवावा, आणि त्यासमोर रिकामे क्रेट रचू देऊ नयेत.