आधी नॉब, मग माउस

नाटकांचं पार्श्वसंगीत आणि भावगीतांचं मिक्सिंग, माझं काम या दोन्हींत वाटलेलं आहे. रिव्हर्ब किती, डिले कुठे, फिल्टर कधी उघडायचा हे सगळं स्क्रीनवर माउसनं ऑटोमेशनच्या रेघा ओढूनही करता येतं. मी मात्र आधी ते छोट्या मिडी कंट्रोलरवर हातानं वाजवतो. त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी.

१. चार नॉब पुरतात. पहिला रिव्हर्ब, दुसरा डिले, तिसरा फिल्टर, चौथा डिलेचा फीडबॅक. आणि हा क्रम प्रत्येक गाण्यात तोच. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनचा पॅरामीटर हलवायचा, ‘लर्न’ म्हणायचं, नॉब फिरवायचा, झालं. हे इतकं सोपं आहे, म्हणूनच दिसेल ते जोडून टाकायचा मोह होतो. मग ऐन गाण्यात नजर नॉबवरची चिकटपट्टी वाचत बसते.

२. डिले हवा शब्दापुरता, तर सेंड, म्हणजे डिलेकडे जाणारा आवाज, हलवा. ओळीच्या शेवटच्या शब्दावर सेंड उघडायचा आणि शब्द संपताच बंद करायचा. आत गेलेला शब्द आपल्या गतीनं विरत राहतो आणि पुढची ओळ कोरडी, स्वच्छ सुरू होते. त्याऐवजी प्लगइनचा वेट-ड्राय फिरवलात, तर तो खाली आणताच शेपटीही कापली जाते. फीडबॅकच्या नॉबला मात्र जोडतानाच कमाल मर्यादा घालावी, साधारण ७५ टक्के. शंभराच्या पुढे प्रतिध्वनी स्वतःलाच खाऊन फुगत जातो. हेडफोन लावलेल्या गायिकेला ते ऐकवू नये.

३. १२८ पायऱ्यांचा हिशेब करा. १९८३ साली आलेल्या मिडीत साध्या नॉबचा संदेश ० ते १२७ एवढाच असतो. आवाजाच्या पातळीला तो बहुतेक वेळा पुरतो. फिल्टरचं तसं नाही. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ म्हणजे जवळपास दहा सप्तकं, १२० अर्धस्वर. नॉबची एक पायरी जवळजवळ एका अर्धस्वराची झाली! तानपुऱ्यावर रेझोनन्स वाढवून फिल्टर हळूहळू उघडला, की मींडेच्या जागी हार्मोनियमच्या पट्ट्या ऐकू येतात. काही प्लगइन या पायऱ्या स्वतःच गुळगुळीत करतात, काही करत नाहीत. माझा उपाय साधा आहे: नॉबची हद्द आवळायची. ३०० ते २४०० हर्ट्झ एवढंच दिलं, तर तीनच सप्तकं उरतात आणि एक पायरी सुमारे २८ सेंटची होते, म्हणजे सरासरी श्रुतीच्या निम्मी. तानपुऱ्याला त्याहून जास्त हद्द लागतही नाही. दोन संदेश जोडून १६,३८४ पायऱ्या मिळवण्याची सोय मिडीत पहिल्यापासून आहे, पण ती कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर दोघांनाही कळावी लागते. २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये पायऱ्यांचा प्रश्नच मिटतो, फक्त हा नवा मिडी घरोघरच्या छोट्या कंट्रोलरांपर्यंत पोचायला हवा.

४. साध्या नॉबला ‘टच’पेक्षा ‘लॅच’ बरा. ऑटोमेशन रेकॉर्ड करताना टच मोडमध्ये हात काढला की पॅरामीटर जुन्या जागी परततो, लॅचमध्ये सोडला तिथेच राहतो. पण स्वस्त नॉबला बोट लागलंय की नाही हे कळत नाही, त्यामुळे संदेश थांबले की हात सुटला असं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा धरून चालतं. नॉब स्थिर धरून ठेवणं हाही वादनाचाच भाग आहे, हे त्याला कोण सांगणार?

५. रंगमंचावर रेकॉर्ड केलेलं ऑटोमेशन चालत नाही. प्रेक्षक हसले की नट थांबतो, आणि आखलेली रेघ मात्र पुढे धावते. तिथे हातच हवा. अडचण वेगळीच असते: प्रवेश बदलला, पॅरामीटर २० वर गेला आणि नॉब प्रत्यक्षात १०० वर उभा आहे. त्याला स्पर्श करताच आवाज उडी मारतो. ‘पिकअप’ किंवा ‘सॉफ्ट टेकओव्हर’ लावला, तर नॉब जुळत्या जागेवरून गेल्याशिवाय काही करत नाही. उडी टळते, पण अंधारात आपण नॉब फिरवतोय आणि काहीच होत नाही, अशी दोन सेकंदं वाट्याला येतात. म्हणून नाटकाला मी टोक नसलेले, गोल गोल फिरणारे एन्कोडर नेतो.

६. बफर लहान ठेवा, नाहीतर नॉब फिरवल्यावर आवाज उशिरा बदलतो. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंद. १२८ म्हणजे तीनही नाहीत.

७. नंतर माउस. हातानं वाजवलेल्या रेघेत शेकडो बिंदू जमतात. ते विरळ करायचे, पण रिव्हर्बचा चढ-उतार सरळ करायचा नाही. डिलेचा सेंड नेमका शब्दाच्या सुरुवातीला उघडेल एवढं सरकवायचं. काही गोष्टी तर नॉबला जोडूच नयेत: म्यूट, बायपास आणि तालाला बांधलेल्या डिलेचा वेळ. डिलेचा वेळ चालत्या गाण्यात बदलला, तर प्रतिध्वनीचा सूर घसरतो किंवा खट्ट वाजतं. बायपासचंही तेच, म्हणून प्लगइन बंद करण्याऐवजी त्याचा सेंड शून्यावर आणावा.