किरणोपचार आणि प्रथिने : ढाल नव्हे, आधार

कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, "प्रथिनांची पावडर दिली तर किरणांचा त्रास कमी होईल का?" महागडे डबे घेण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी या प्रश्नाचे नेमके उत्तर कळणे आवश्यक आहे.

समजुतीचा उगम : किरणांमुळे पेशीतील पाण्याचे विघटन होऊन मुक्त मूलके निर्माण होतात व ती डीएनएला इजा करतात. गंधकयुक्त अमिनो आम्ल सिस्टीन ही मूलके निष्प्रभ करू शकते. १९४९ मध्ये अमेरिकेत पॅट व सहकाऱ्यांनी उंदरांवर हे दाखविले; मात्र सिस्टीन क्ष-किरणांपूर्वी मोठ्या मात्रेत दिले तरच उपयोग झाला, नंतर दिल्यास नाही. याच तत्त्वावरील अॅमिफॉस्टिन हे औषध किरणोपचारापूर्वी शिरेतून देतात. दुधाच्या निवळीतील प्रथिनांत सिस्टीन असते, एवढ्यावरून पावडर ही ढाल ठरत नाही.

शिवाय, संरक्षण निरोगी पेशींबरोबर गाठीलाही मिळण्याचा धोका असतो. कॅनडातील ५४० रुग्णांच्या अभ्यासात (२००५) जीवनसत्त्व 'ई' व बीटा-कॅरोटीन दिल्यावर दुष्परिणाम सौम्य झाले, परंतु कर्करोग त्याच जागी उलटण्याकडे कल अधिक दिसला.

प्रथिनांचे खरे कार्य : तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराची झीज भरून काढणे, स्नायू टिकविणे आणि रुग्णाला उपचार खंड न पडता पूर्ण करता येतील इतके बळ देणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. युरोपीय मार्गदर्शनानुसार कर्करुग्णास १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत द्यावीत. म्हणजे ६० किलोच्या रुग्णास ६० ते ९० ग्रॅम.

घरचा हिशेब : दोन अंडी (१२ ग्रॅम), अर्धा लिटर दूध किंवा दही (१६), ६० ग्रॅम डाळ (१४), ५० ग्रॅम पनीर (९) आणि भात-पोळी मिळून साठीचा टप्पा सहज गाठता येतो. तोंड आले असल्यास मुगाची आसट खिचडी, गोडे दही, मऊ पिठले द्यावे. आपल्या हैदराबादी जेवणातील चिंच व मिरची काही आठवडे दूर ठेवावी.

लिस्बन येथील १११ रुग्णांच्या अभ्यासात (२००५) नेहमीच्याच अन्नाबाबत वैयक्तिक सल्ला मिळालेल्या रुग्णांचा आहार तीन महिन्यांनंतरही टिकला. केवळ प्रथिनपूरक पेये मिळालेल्यांचा टिकला नाही.

पावडर केव्हा? गिळणे अशक्य झाले, नळीने अन्न द्यावे लागले किंवा वजन सतत घटत गेले, तर डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण त्यांनीच ठरवावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने अशा पावडरींतील साखर व कृत्रिम स्वादांबाबत सावध केलेच आहे.

दर आठवड्याला रुग्णाचे वजन करून वहीत नोंदवावे व ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावी.