मागची चाके कुठे निघाली आहेत?

गाडी एका बाजूला ओढू लागली की आपण पुढच्या चाकांकडे बोट दाखवतो. स्टीअरिंग पुढच्या चाकांना जोडलेले, तेव्हा दोषही तिथेच असणार, असा आपला साधा हिशेब. वास्तविक चारचाकी गाडीच्या सरळ जाण्याची रेषा मागची चाके ठरवतात आणि पुढची चाके त्या रेषेशी जुळवून घेतात. यंत्रशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट एका वाक्यात सांगून होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत मात्र हा विसर फार महागात पडतो. म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाच्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेऊन हा विषय मांडतो.

पद्मिनी ही मुळात इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११०० ची वंशज. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला, तरी घरोघरी जपलेल्या गाड्या अजून आहेत. हिचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर बसवलेली असतात. तो ॲक्सल दोन लीफ स्प्रिंगांवर, म्हणजे आपल्या कमानपाट्यांवर, यू-बोल्टांनी आवळलेला असतो. पाट्यांच्या थरातून आरपार जाणारा एक सेंटर बोल्ट असतो. त्याचे डोके ॲक्सलच्या बैठकीतील भोकात बसते, आणि ॲक्सल पुढेमागे सरकू नये याची जबाबदारी त्या बोटभर जाडीच्या डोक्यावर असते. (आमच्या भागातील गॅरेजांत निम्मे बोलणे मराठीत आणि निम्मे कन्नडात चालते, ‘सेंटर बोल्ट’ दोन्हीकडे तोच.)

आता समजा, यू-बोल्ट सैल झाले, सेंटर बोल्ट तुटला आणि ॲक्सलचे डावे टोक मागे सरकले. दोन पाट्यांमधील अंतर सोयीसाठी १००० मि.मी. धरू आणि सरकणे १० मि.मी. धरू. कोन झाला ०.०१ रेडियन, म्हणजे साधारण ०.५७ अंश. दिसायला क्षुल्लक. पण या गाडीचा व्हीलबेस २३४० मि.मी. आहे. मागची चाके आता किंचित डावीकडे रोखून ढकलत आहेत. त्यामुळे पुढची चाके सरळ ठेवली तर नाक उजवीकडे वळू लागते, आणि सरळ जायचे तर चालकाला पुढची चाकेही तेवढ्याच कोनात डावीकडे धरावी लागतात. स्टीअरिंगचे प्रमाण १६ ला १ मानले तर हातातले चक्र सुमारे ९ अंश वाकडे राहते. गाडी रस्त्यावरून खेकड्यासारखी तिरकी जाते आणि शेपूट २३ मि.मी. डावीकडे पडते. थोडक्यात, ॲक्सल ज्या बाजूला मागे सरकला त्याच बाजूला शेपूट जाते आणि स्टीअरिंगही त्याच बाजूला धरावे लागते. ओल्या रस्त्यावर सरळ चालवून मागून पाहिले तर पुढच्या-मागच्या चाकांचे ठसे एकमेकांवर नीट पडत नाहीत, हेही दिसते.

अशा गाडीचे पुढचे टाय-रॉड फिरवून स्टीअरिंग सरळ करून देणारे कारागीर पुष्कळ आहेत. चक्र सरळ होते, मालक खूश होतो, पण गाडी तिरकीच चालत राहते. खरा धोका पुढे असतो. सेंटर बोल्ट तुटलेल्या ॲक्सलला आता फक्त यू-बोल्टांचा दाब धरून ठेवतो. घाटात जोराने ब्रेक मारला की तो आणखी सरकू शकतो.

तपासणीला महागडे यंत्र नसले तरी चालते. गवंडी भिंत बांधताना जे वापरतो तेच आपल्याला पुरे : ओळंबा, सूत, खडू आणि पोलादी पट्टी. जागा सपाट हवी. टायरमधील हवा दोन्ही बाजूंना सारखी करावी. मग चाक जॅकवर उचलून, रिमजवळ खडू स्थिर धरून ते फिरवावे. रिमच वाकलेले असेल तर पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ आहे. चाके खाली टेकवल्यावर गाडी हाताने तीनचार मीटर पुढे ढकलावी आणि ब्रेक न लावता थांबू द्यावी, म्हणजे पाटे आणि टायर आपल्या नैसर्गिक जागी बसतात.

मग दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर सूत ताणावे. दोन्ही सुते एकमेकांना समांतर असावीत, आणि डावे सूत गाडीच्या मध्यरेषेपासून जितके दूर तितकेच उजवे असावे. मध्यरेषा ठरवताना मागच्या चाकांचा आधार घेऊ नये, कारण आरोपी तीच आहेत! पाट्यांच्या पुढच्या पिना आणि पुढच्या सस्पेन्शनचे पक्के बोल्ट यांवरून ओळंब्याने ती जमिनीवर उतरवावी. आता सुतापासून मागच्या रिमच्या पुढच्या कडेचे आणि मागच्या कडेचे अंतर मोजावे. रिमचा व्यास ३७० मि.मी.च्या आसपास असल्याने ०.५७ अंशाचा फरक येथे ३.७ मि.मी. दिसतो. पट्टीवर तो सहज वाचता येतो.

आकडे वाचणे हीच खरी विद्या आहे. डाव्या चाकाची पुढची कड सुताच्या जवळ आणि उजव्या चाकाची तेवढीच दूर असेल, तर दोन्ही चाके एकाच दिशेला वळली आहेत, म्हणजे अख्खा ॲक्सल तिरका आहे. एकाच चाकाचे माप चुकत असेल, किंवा दोन्ही पुढच्या कडा आत वा बाहेर झुकल्या असतील, तर ॲक्सलची नळीच वाकली आहे असे समजावे. तिरक्या ॲक्सलने मागचे टायर फारसे झिजत नाहीत. वाकलेल्या नळीने टायरच्या नक्षीला करवतीसारखी धार येते. केवळ ब्रेक लावतानाच गाडी ओढत असेल, तर सूत ताणण्याआधी ब्रेक पाहावेत.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरच्या पद्मिनीला एका दुकानात ‘बॉडी पिळली आहे, भंगारात द्या’ असा निकाल मिळाला होता. त्याच्या आजोबांनी घेतलेली गाडी. घरात सुतक पडल्यासारखे झाले होते. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा बॉडी खरोखर पिळली असती तर निकाल बरोबर ठरला असता. म्हणून आम्ही सुताबरोबर कर्णही मोजले. पाट्याच्या डाव्या पुढच्या पिनेपासून पुढच्या उजव्या बोल्टापर्यंत, आणि उलट. दोन्ही कर्ण दोन मि.मी.च्या आत जुळले. मात्र डावे मागचे चाक उजव्यापेक्षा ११ मि.मी. मागे निघाले. जे काटकोनात असायला हवे ते काटकोनातच होते. ॲक्सल तेवढा हलला होता. यू-बोल्ट उघडल्यावर सेंटर बोल्टाचे डोके सुटे होऊन हातात आले. कर्ण जुळले नसते तर मात्र पाट्यांच्या आधारांपाशी गंज शोधावा लागला असता. कोकण-गोव्याच्या दमट हवेतील गाड्यांत तो बऱ्याचदा सापडतो.

सर्वच छोट्या गाड्यांना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. इंग्लंडच्या १९५९ च्या मिनीमध्ये मागचे प्रत्येक चाक आपल्या स्वतंत्र दांडीवर बसते. तेथे दोन चाकांची मापे निरनिराळी चुकू शकतात आणि संशय प्रथम गंजलेल्या सबफ्रेमवर व दांडीच्या झिजलेल्या बेअरिंगवर घ्यावा लागतो. मोजण्याची रीत तीच, आकड्यांचा अर्थ वेगळा.

दुरुस्ती करताना सेंटर बोल्ट दोन्ही बाजूंचे नवे घालावेत. जुन्या यू-बोल्टांचे आटे ताणलेले असतील तर तेही बदलावेत. शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी असताना, तिरप्या जोडीने आलटून पालटून करावे आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावावा. मागचे माप बरोबर आले की मगच पुढच्या चाकांचा टो-इन लावून घ्यावा. आधी कोणी टाय-रॉड फिरवून स्टीअरिंग ‘सरळ’ केले असेल, तर ते या वेळी दुसऱ्या बाजूला वाकडे दिसेल. त्याने घाबरून पुन्हा मागे हात घालू नये.